मधल्या सुट्टीत काय होतं? दिव्यांग मुलांचा छळ ओळखायचा कसा, थांबवायचा कसा

माझी लेक तिसरीत होती तेव्हाची गोष्ट. तिच्या दोन्ही कानांना श्रवणयंत्रं आहेत. एक सेल आठ-दहा दिवस पुरायचा. त्या जुलैमध्ये पंधरवडा उलटला तरी सेल चालूच होता. मला आधी बरंच वाटलं, या वेळी सेल चांगले लागले म्हणून. मग एका संध्याकाळी ती शाळेतून आल्या आल्या वेणी सोडायला बसले, तर कानातलं मशीन बंद. विचारलं तर म्हणाली, "शाळेत गेल्यावर मी बंदच करते गं आई. नाहीतर ते शिट्टी वाजवतं."

यंत्र घातलेल्या कानावर तळवा धरला की बाहेर पडणारा आवाज फिरून पुन्हा यंत्रात शिरतो आणि बारीक शीळ वाजते. पाण्याच्या नळावर तीन-चार मुलींना हे सापडलं होतं. मागून येऊन कानावर हात धरायचा, शीळ वाजली की पळायचं. तिचं नावच त्यांनी 'शिट्टी' ठेवलं. एकदा वर्गात शीळ वाजली तेव्हा बाईंनी तिलाच उभं केलं. त्या दिवसापासून तिने मशीन बंद ठेवायला सुरुवात केली. म्हणजे दीड महिना माझी मुलगी वर्गात जवळजवळ काहीच न ऐकता बसली होती, आणि वहीवर शेरा होता, 'लक्ष देत नाही.'

ते निस्तरताना मी जे शिकले, आणि पुढे साताऱ्यातल्या, कोरेगाव-जावळीकडच्या पालकांसोबत शाळांमध्ये जाऊन जे पाहिलं, ते इथे क्रमाने लिहिते आहे. ज्यांचं मूल नुकतंच सर्वसाधारण शाळेत जायला लागलंय त्या पालकांसाठी, आणि पहिल्या नेमणुकीवर रुजू झालेल्या शिक्षकांसाठी.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण ती पुढे पुन्हा पुन्हा येणार आहे. छळ होतो तो ठरावीक जागी, ठरावीक वेळी, ठरावीक मुलांच्या घोळक्यात. बदलायची असते ती जागा, ती वेळ आणि तो घोळका. आपण मात्र ज्याला त्रास होतो त्या मुलालाच हलवतो. आधी वेगळ्या बाकावर, मग दुसऱ्या तुकडीत, मग मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत आणि शेवटी घरी.

पायरी १ : शाळा सुरू होण्याआधी शाळा पायी फिरा

प्रवेशाचे कागद झाले की एक दिवस मुलाला घेऊन, शाळा भरलेली असताना, पूर्ण आवार फिरा. फाटक, जिना, पाण्याची टाकी, मुतारी, पोषण आहाराची रांग, मैदान, सायकल स्टँड, रिक्षा थांबते ती जागा. प्रत्येक ठिकाणी स्वतःला एकच प्रश्न विचारा : इथे मोठं माणूस कोण असतं? वर्गात शिक्षक असतात, परिपाठाला सगळेच असतात. मुतारीच्या मागच्या भिंतीशी कुणीच नसतं.

घरी आल्यावर मुलाला शाळेचा नकाशा काढायला सांगा. वाकडातिकडा चालेल. जिथे बरं वाटलं तिथे हिरवा ठिपका, जिथे भीती वाटली तिथे लाल. बोलता न येणाऱ्या, कमी बोलणाऱ्या मुलांसाठी तर हा नकाशाच पुढे तक्रार सांगायचं साधन होतो. चित्र काढता येत नसेल तर जागांचे फोटो काढून ठेवा, त्यावर बोट ठेवता येतं. हा पहिला नकाशा तारीख घालून जपून ठेवा.

त्याच आठवड्यात वर्गशिक्षकांना भेटा आणि मुलाबद्दल एक पानभर लिहून द्या. निदानाची लांबलचक नावं नकोत. रोजच्या कामाचं लिहा : उजव्या बाजूने बोललं तर ऐकू येतं, जिना उतरायला वेळ लागतो, अचानक मोठा आवाज झाला तर कान झाकून घेतो, उत्तर द्यायला थोडं थांबावं लागतं. श्रवणयंत्र असेल तर हेही लिहा की कानाशी ओरडलं की मुलाला दुखतं, पावसात यंत्रात ओल शिरते (जावळी, पाटण, महाबळेश्वरच्या पावसात तर विचारायलाच नको) आणि त्यातला बटणाएवढा सेल कुणी गिळला तर वाट न पाहता दवाखाना गाठायचा.

वर्गाला किती सांगायचं हे मुलाला विचारून ठरवा. काही मुलं स्वतः उभी राहून सांगतात, काहींना ते नको असतं. मुलाला न विचारता "हा बघा, याला दिसत नाही, याची काळजी घ्या बरं का" असं परिपाठाला जाहीर करणं टाळा. त्याने दया येते, आणि दया फार दिवस टिकत नाही. ती संपली की त्याच माहितीवरून चिडवणं सुरू होतं.

पायरी २ : मस्करी, भांडण आणि छळ यातला फरक

मुलं भांडतात. आज कट्टी, उद्या बट्टी. त्यात पडायची गरज नसते. छळाची ओळख तीन गोष्टींनी होते. तो पुन्हा पुन्हा होतो, एकाच मुलावर होतो, आणि त्या मुलाला त्याची बरोबरी करता येत नाही. कधी समोर जास्त मुलं असतात म्हणून, कधी त्याला पळता येत नाही, सांगता येत नाही, कोण आलं ते दिसत नाही म्हणून. "आम्ही गंमत करत होतो" हे उत्तर नेहमी येतं. तेव्हा विचारायचं, गंमतीत हसलं कोण? सगळे हसले आणि एक गप्प होता, तर ती गंमत नव्हती.

लंगड्या, बहिऱ्या, तोतऱ्या, चकण्या, येडा ही नावं आपल्या सगळ्यांच्या कानावर लहानपणापासून आहेत, म्हणून मोठ्यांना ती खटकतच नाहीत. गावाकडे तर घरचेही लाडाने तशी हाक मारतात. पण घरात ज्या नावाने हाक मारली जाते तेच नाव शाळेत काठी होतं, हे मी बऱ्याच वेळा पाहिलंय. पहिल्यांदा घरातली हाक बदला.

प्रत्येक अपंगत्वात छळाची तऱ्हा वेगळी असते. अंध मुलाची काठी लपवतात, दप्तर हलवतात. तोतरं बोलणाऱ्याला मुद्दाम प्रकट वाचनाला उभं करायला लावतात आणि त्याच्या अडखळण्याची नक्कल करतात. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी असणं) असलेल्या मुलाच्या मागे त्याच्यासारखं चालत एक रांग निघते. अध्ययन अक्षमता असलेल्या, म्हणजे वाचन-लेखन किंवा गणित जड जाणाऱ्या मुलाचे गुण मोठ्याने वाचले जातात, आणि हे कधी कधी शिक्षकांकडूनच होतं. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांचा छळ ओळखायला सर्वांत अवघड, कारण तो मैत्रीच्या रूपात येतो. "तू आमचा दोस्त ना, मग बाईंना जाऊन असं म्हण." "दोस्त असशील तर वीस रुपये आण." मूल आनंदाने पैसे नेतं, डबा देतं, आणि घरी सांगतं की मला खूप मित्र आहेत.

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांबद्दल शिक्षकांनी थोडं थांबून वाचावं. त्यांना काय सहन होत नाही हे वर्गातल्या मुलांना आठ दिवसांत कळतं. मग कुणीतरी बाकावर पट्टी घासतो, कानाशी टिकटिक करतो, त्याची ठरलेली पेन्सिल हलवतो. तो किंचाळतो, बाक ढकलतो, कधी चावतो. शिक्षक वळून पाहतात तेव्हा त्यांना किंचाळणारं मूलच दिसतं. पट्टी घासणारा शहाण्यासारखा वही उघडून बसलेला असतो. "हा मारकुटा आहे" अशी तक्रार आली की त्याआधीच्या दोन मिनिटांत काय झालं ते विचारा.

एक खेळातलं उदाहरण. आपल्याकडे लहान भावंडाला खेळात घेताना 'कच्चा लिंबू' म्हणतात. तो आउट होत नाही, त्याच्यावर राज्य येत नाही. चार वर्षांच्या पोराला हे छान आहे. दहा वर्षांच्या, पायाला आधाराचं कॅलिपर घातलेल्या मुलाला कायमचा कच्चा लिंबू केलं की तो खेळात असून नसतो. आणि याच्या उलट टोकाला, कमी ऐकू येणाऱ्या मुलीवर लपाछपीत रोज राज्य येतं, कारण 'धप्पा' कुठून ऐकू आला हे तिला कळत नाही. दोन्हीकडे लक्ष ठेवा. मैदानात फक्त अर्धा तास उभं राहिलं तरी हे दिसतं.

पायरी ३ : मूल सांगत नाही, तेव्हा काय पाहायचं

सेलचं मी सांगितलंच. तशीच इतर खुणा असतात. पाण्याची बाटली भरलेली परत येणं, म्हणजे मूल मुतारीत जावं लागू नये म्हणून पाणीच पीत नाही. डबा तसाच परत येणं, किंवा रोज चाटूनपुसून रिकामा येऊनही मूल घरी येताच भाकरी मागणं. सोमवारी सकाळी पोटात दुखणं आणि सुट्टीच्या दिवशी न दुखणं. नेहमीची रिक्षा किंवा एसटी सोडून दुसरीने यायचा हट्ट. खोडरबर, पट्टी, काठीची मूठ अशा वस्तू वारंवार हरवणं. आणि सर्वांत वाईट खूण, मूल स्वतःच्या साधनावर राग काढायला लागतं. मशीन काढून फेकतं, चष्मा तोडतं, "मला हे नको" म्हणतं.

पायरी ४ : सांगितलं, त्या दिवशी

त्या दिवशी तुमचं काम ऐकायचं. पदर खोचून शाळेकडे निघायचं नाही. "तू लक्ष देऊ नकोस" म्हणू नका, त्याचा अर्थ मुलाला 'आईला सांगून उपयोग नाही' असा कळतो. "तूही एक ठेवून द्यायची" असंही म्हणू नका, ज्याला धड उभं राहताना तोल सांभाळावा लागतो त्याला हे शक्य नसतं आणि वर त्याची चूक होते. इतकंच म्हणा : "सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझी चूक नाही. आता मी पाहते, आणि काय करणार ते तुला आधी सांगेन." शेवटचं वाक्य महत्त्वाचं. मुलाला न सांगता शाळेत जाऊन आरडाओरडा केला तर पुढच्या वेळी ते बोलणारच नाही.

मग एक शंभर पानी वही घ्या आणि लिहा. माझ्या ओळखीच्या एका आईच्या वहीतली नोंद, तिच्या परवानगीने :

"मंगळवार. मधली सुट्टी. मुतारीच्या मागे. दोघांनी कॅलिपरचा पट्टा सोडला. तिसरा हसत होता, चौथा बघत होता. मोठं कुणी नव्हतं. डाव्या पोटरीवर ओरखडा, फोटो काढला. त्याचे शब्द : 'ते म्हणाले, आता चालून दाखव.'"

मोजकी छोटी वाक्यं. वार, वेळ, जागा, कोण, काय, पुरावा आणि मुलाचे स्वतःचे शब्द. 'फार त्रास देतात', 'नेहमी मारतात' अशा वाक्यांना शाळेत कुणी धरून बसत नाही. अशा चार नोंदी समोर ठेवल्या की त्या आईसारखंच तुम्हालाही दिसेल, चारपैकी तीन वेळा जागा एकच आहे.

मोबाइलवर व्हिडिओ फिरवला असेल तर तो कुणालाही पुढे पाठवू नका, 'बघा काय केलं' म्हणून नातेवाइकांच्या ग्रुपवरसुद्धा नाही. स्क्रीनशॉट घ्या, कुठल्या नंबरवरून कुठल्या ग्रुपवर कधी आला ते वहीत लिहा, आणि मूळ संदेश पुसू नका.

पायरी ५ : शाळेशी बोलणं, आणि लेखी देणं

पहिली भेट वर्गशिक्षकांची. शाळा सुटताना फाटकात गाठू नका, वेळ मागून घ्या. पुष्कळ प्रकरणं इथेच मिटतात, कारण त्यांना खरोखर ठाऊक नसतं. आठवडाभरात फरक पडला नाही तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या. साताऱ्यात आपण सगळे एकमेकांच्या ओळखीचे, सर भावाच्या वर्गातले नाहीतर मामांच्या गावचे निघतात, म्हणून लेखी द्यायला संकोच वाटतो. मलाही वाटला होता. पण तोंडी बोलणं चहासोबत संपतं. अर्ज असा असला तरी पुरे :

"मा. मुख्याध्यापक यांस. विषय : माझ्या मुलाला शाळेत होणाऱ्या त्रासाबाबत. महोदय, माझा मुलगा इयत्ता चौथीत शिकत असून तो दिव्यांग आहे. सोबतच्या नोंदींप्रमाणे गेल्या तीन आठवड्यांत मधल्या सुट्टीत त्याला चार वेळा, त्यांपैकी तीन वेळा मुतारीमागील जागेत, मारहाण व चेष्टा सहन करावी लागली. विनंती की, मधल्या सुट्टीत त्या जागी शिक्षकांची पाळी लावावी, संबंधित मुलांच्या पालकांना स्वतंत्रपणे बोलावावे, आणि माझ्या मुलाची बसण्याची जागा, तुकडी अथवा खेळाचा तास बदलू नये. केलेल्या उपायांची माहिती आठ दिवसांत लेखी मिळावी."

दोन प्रती न्या. एकीवर शाळेचा शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. त्रास देणाऱ्या मुलांची नावं वेगळ्या कागदावर, बंद पाकिटात द्या. तीही लहान मुलंच आहेत, त्यांची नावं गावभर होऊ नयेत. प्रत शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांना द्या. शिक्षण हक्क कायद्यातल्या या समितीत पंचाहत्तर टक्के सदस्य पालक असतात. दिव्यांग मुलाच्या आई-वडिलांनी तिथे जायला हवं, कारण पाळी कुठे लावायची, नळ कुठे बसवायचा, मुतारीला कडी कशी हवी हे तिथे ठरतं.

तुमच्या शाळेला समग्र शिक्षा या सरकारी योजनेतला, दिव्यांग मुलांसाठीचा विशेष शिक्षक जोडलेला असेल तर या भेटीला त्याला सोबत घ्या. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात चौकशी केली की कोण ते कळतं. त्याच्या शब्दाला शाळेत वजन असतं.

त्रास देणाऱ्या मुलाला किंवा त्याच्या पालकांना तुम्ही परस्पर गाठू नका. रस्त्यात झालेली बाचाबाची दोन घरांची, कधी दोन भावक्यांची होते, आणि मुलाचं मूळ दुखणं बाजूला राहतं.

पायरी ६ : शिक्षकांनो, वर्गात काय करायचं

सगळ्यात जास्त हातात तुमच्या आहे, म्हणून इथे थोडं सविस्तर.

पहिलं, दोघांना समोरासमोर उभं करून "सॉरी म्हण, हात मिळव" हे नको. भांडणात ते चालतं. छळात पीडित मुलाला सगळ्यांसमोर आणखी एकदा लहान केल्यासारखं होतं, आणि बाहेर गेल्यावर 'चुगलखोर' हे नवं नाव मिळतं. प्रत्येकाशी एकेकट्याने बोला. जे बघत उभे होते त्यांच्याशी आधी बोला, कारण खरं तेच सांगतात.

बघ्यांवर जास्त मेहनत घ्या. चिडवणाऱ्याला टाळ्या हव्या असतात. वर्गातल्या तीन-चार मुलांनी हसायचं बंद केलं तरी खेळ पडतो. "भांडू नकोस, फक्त त्याच्या शेजारी जाऊन उभा राहा आणि म्हण, चल, डबा खायला" इतकं सोपं काम मुलांना द्या. ते जमतं. 'शूर बना, विरोध करा' असं सांगितलं तर नववीतल्या दांडगोबासमोर पाचवीतलं पोर काय करणार?

जोडीदार द्या, पण पाळीने आणि दोन्ही बाजूंनी. एकच हुशार मुलगी वर्षभर 'हिची काळजी घे' म्हणून जुंपली की ती कंटाळते आणि दुसरी ओशाळी होते. जी मुलगी ऐकू येत नाही म्हणून गृहपाठ विचारते, ती चित्रकलेत जोडीदाराला शिकवते, असं बसवा.

बसायच्या जागेचं मुद्दाम सांगते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत, आज ज्याला छत्रपती प्रतापसिंह हायस्कूल म्हणतात तिथे, भिवा रामजी आंबेडकर या मुलाचं नाव दाखल झालं. त्याला वर्गात वेगळं, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावं लागे, आणि शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे. तो प्रवेशाचा दिवस आता राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. त्या दिवशी भाषणं जरूर करा, आणि त्याच दिवशी आपल्या वर्गात कोण एकटं बसतं, कुणाला नळापर्यंत जाता येत नाही, हेही पाहा. दिसावं-ऐकावं म्हणून पुढे बसवणं वेगळं, आणि इतरांना त्रास नको म्हणून कोपऱ्यात बसवणं वेगळं.

खेळाच्या तासाला "तू दप्तरं सांभाळ" म्हणू नका. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १६ प्रमाणे मान्यताप्राप्त शाळेने दिव्यांग मुलांना शिक्षणासोबत खेळ आणि मनोरंजनाचीही समान संधी द्यायची आहे. लंगडी, खो-खो, कबड्डी यांचे नियम मुलं स्वतःच बदलून घेतात, त्यांना फक्त विचारायचं : "याला खेळात घ्यायचं, आणि कच्चा लिंबू करायचं नाही. कसं कराल?" जावळीतल्या एका वर्गाने धावता न येणाऱ्या मुलासाठी ठरवलं की त्याचा फेकलेला चेंडू लागला तरी गडी बाद. पुढच्या आठवड्यात त्याला आपल्या संघात घ्यायला दोन्ही कप्तान भांडत होते.

आणि आपली जीभ. शिक्षक गंमतीने जे नाव ठेवतात ते वर्ग वर्षभर चालवतो.

पायरी ७ : त्रास देणारं मूल

माझ्या लेकीच्या कानावर हात धरणाऱ्या मुलींपैकी एकीला घरी सावत्र आजी 'काळी' म्हणूनच हाक मारायची. हे कळल्यावर माझा राग गेला असं नाही, पण तिला शाळेतून काढा ही माझी मागणी मी मागे घेतली. काढलं तर ती दुसऱ्या शाळेत दुसऱ्या कुणाच्या कानाशी जाईल. तिला स्पष्ट सांगितलं गेलं की हे चालणार नाही, काही आठवडे सुट्टीत तिने बाईंच्या नजरेसमोर राहायचं, आणि तोडलेल्या, हरवलेल्या वस्तू तिच्या पालकांनी भरून द्यायच्या. मारणं नाही, वर्गासमोर उभं करणं नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हींना बंदी आहे, ती या मुलीलाही लागू आहे.

कधी दिव्यांग मूलच दुसऱ्याला छळतं, बऱ्याचदा आपल्याहून कमकुवत दिव्यांग मुलाला. त्याला 'बिचारा' म्हणून सोडू नका. नियम तेच.

पायरी ८ : शाळेने ऐकलं नाही तर

आधी केंद्रप्रमुख, मग पंचायत समितीतले गटशिक्षणाधिकारी, मग जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी. जिल्हा परिषद शाळांसाठी प्राथमिक विभाग, हायस्कूलसाठी माध्यमिक. प्रत्येक ठिकाणी जुन्या अर्जाची शिक्का असलेली प्रत जोडा. वरचं कार्यालय पहिला प्रश्न हाच विचारतं की खाली लेखी दिलं होतं का. पुण्यात दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे, मुंबईत राज्य बाल हक्क संरक्षण आयोग आहे, दोन्हीकडे टपालाने तक्रार जाते.

१०९८ हा मुलांसाठीच्या मदतीचा नंबर मुलालाही पाठ करून द्या. फुकट आहे आणि चोवीस तास चालतो.

काही गोष्टींत मात्र पायऱ्या चढत बसायचं नाही. गंभीर इजा, धमकावून पैसे उकळणं, कपडे काढायला लावणं, अंगाला नको तिथे हात लावणं, तसा व्हिडिओ काढणं, यात थेट पोलीस. लैंगिक प्रकार असेल तर पॉक्सो कायद्याने (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) ज्याला माहीत झालं त्याने कळवणं बंधनकारक आहे. 'शाळेचं नाव खराब होईल, आपण आतच मिटवू' असं म्हणायचा अधिकार मुख्याध्यापकांनाही नाही. बोलायला अडचण असलेल्या मुलाचा जबाब घेताना विशेष शिक्षक किंवा दुभाष्याची मदत घेता येते, ती मागा. जबाब घरीही नोंदवता येतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम ९२ मध्ये दिव्यांग व्यक्तीचा चारचौघांत मुद्दाम अपमान करणाऱ्याला किमान सहा महिने, जास्तीत जास्त पाच वर्षं कैद आणि दंड आहे. कलम ७ प्रमाणे छळाची माहिती कुणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना, म्हणजे तहसीलदार किंवा प्रांतांना देऊ शकतो. माझं मत असं की ही कलमं मोठ्या माणसांसाठी वापरावीत : शिक्षक, रिक्षावाले काका, शिपाई, पालक. दहा वर्षांच्या पोरांना कलमाने धाक घालू नये. त्यांच्यासाठी वेगळी, बालन्यायाची व्यवस्था आहे, आणि बहुतेक वेळा ती लागूही नये इतक्या आधी आपण पोचलेलो असतो.

पायरी ९ : तीन आठवड्यांनी पुन्हा

'आता सगळं ठीक आहे' या निरोपावर वही बंद करू नका. पहिला आठवडा सगळेच सांभाळून असतात. तिसऱ्या आठवड्यात पाळीचे शिक्षक कंटाळतात, घोळका नवी जागा शोधतो. मुलाकडून पुन्हा नकाशा काढून घ्या आणि जुन्याशेजारी ठेवा. लाल ठिपका पुसला गेला की नुसता सरकला, ते दिसतं.

माझ्या लेकीच्या शाळेत नळावर वर्गवार वेळा लावल्या आणि एक बाई तिथे उभ्या राहू लागल्या. ज्या बाईंनी तिला उभं केलं होतं, त्यांनीच तिला विचारून विज्ञानाच्या तासाला मशीनची शीळ का वाजते ते तिच्याकडून वर्गाला समजावून घेतलं. 'शिट्टी' हे नाव लगेच गेलं नाही, दिवाळीपर्यंत अधूनमधून ऐकू यायचं. तिच्या दुसऱ्या नकाशात नळाचा लाल ठिपका गेला होता, रिक्षाच्या जागी नवा आला होता. मग आम्ही रिक्षावाल्या काकांशी बोललो, तिची जागा त्यांच्या शेजारी नको, मधे मैत्रिणीजवळच ठेवा आणि मागे लक्ष ठेवा म्हणून.

ऑक्टोबरात एक सेल नवव्या दिवशी संपला.